बुकित तिमाह: सिंगापूरच्या टेकडीवर उरलेले मूळ रान

सिंगापुरातल्या मराठी मंडळींत बुकित तिमाहचा विषय निघाला, की राजगड-तोरणा पायाखाली घातलेले लोक हमखास हसतात. देशातले सर्वांत उंच ठिकाण, आणि उंची किती, तर १६३.६३ मीटर, त्यातही माथ्यापर्यंत डांबरी रस्ता. हसण्यासारखे आहेच. पण या टेकडीवर चढाईसाठी जाऊच नये, जायचे ते झाडे पाहायला, असे माझे स्पष्ट मत आहे. उभ्या शहराला खेटून असलेल्या या लहानशा राखीव वनात सपुष्प वनस्पतींच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि बेटावरच्या मूळ जंगलाचा जो थोडासा अंश शिल्लक आहे, त्यातला महत्त्वाचा भाग येथेच आहे.

बाकीचे जंगल गेले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात, गॅम्बियर नावाच्या वेलीसारख्या झुडपाच्या आणि मिरीच्या मळ्यांसाठी. गॅम्बियरची पाने उकळून काढलेला अर्क कातडी कमावण्यासाठी परदेशी जात असे आणि या भागात विड्यातही घातला जाई, म्हणजे आपल्याकडे जे काम कात करतो तेच. पाने उकळायची तर भट्ट्या हव्यात आणि भट्ट्यांना सरपण हवे. त्यामुळे मळ्याच्या जागेबरोबर भोवतालचे रानही तोडले जाई, आणि काही वर्षांत जमिनीचा कस गेला की मळेवाला पुढच्या रानात सरके. १८५४ मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस येथे भुंगेरे गोळा करत होता, तेव्हा त्याला इतक्या विविध जाती मिळाल्या त्याचे एक कारण म्हणजे लाकूडतोड्यांनी नुकतीच पाडलेली झाडे. वनस्पती उद्यानाचे तत्कालीन प्रमुख नॅथॅनिएल कँटली यांनी जंगलांची दुरवस्था अहवालातून मांडल्यावर १८८३ मध्ये ही टेकडी राखीव झाली. पुढे बेटावरची इतर बहुतेक राखीव जंगले विकासाच्या रेट्यात गेली. ही मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आग्रहामुळे वाचली.

डांबरी रस्ता सोडून बाजूच्या पायवाटेला लागले, की सेराया हा उंच वृक्ष दिसू लागतो. सरळसोट खोड, उभ्या भेगांची साल आणि पहिली फांदी इतक्या उंचावर, की पाने पाहायला दुर्बीणच लागावी. मध्य भारतातला साल याच्याच कुळातला. सेरायाच्या फळाला पंख असतात, तीन लांब आणि दोन आखूड, आणि ते गरगरत खाली येते. या कुळातली झाडे दरवर्षी नेमाने फुलत नाहीत. काही वर्षांच्या खंडानंतर एकाच हंगामात बहुतेक सारी एकदम बहरतात आणि बियांचा असा सडा पडतो, की खाणाऱ्यांनी खाऊनही काही बी उरावे. हे बी टिकाऊ मात्र नसते. ते थोड्याच दिवसांत रुजते किंवा मरते. मातीत बियांचा साठा राहत नसल्यामुळे एकदा मोठी झाडे तोडली, की त्या जागी सेरायाचे रान आपोआप परत येत नाही, आणि म्हणूनच या उरलेल्या झाडांचे मोल पैशांत सांगता येत नाही.

जंगलात ताबानही आहे. रूट कॅनालमध्ये भरतात तो गटापर्चा याच झाडाचा चीक. समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलींना आवरण म्हणून एकेकाळी त्याला इतकी मागणी होती, की चिकासाठी झाडेच्या झाडे आडवी केली गेली. पान उलटे करून पाहावे (खाली पडलेले, तोडून नव्हे): मागची बाजू तांबूस सोनेरी असते.

मला स्वतःला सर्वाधिक वेळ लागतो तो मात्र एका सामान्य झाडापाशी. मोठे झाड कोसळून ऊन खाली येते तेथे, किंवा रानाच्या कडेला, रुंद त्रिदली पानांची माकारांगा वाढते. तिच्या पोकळ खोडात मुंग्यांची वसाहत असते. देठाशी असलेल्या उपपर्णांच्या, म्हणजे छोट्या पानांसारख्या भागांच्या, आत बारीक पांढरे कण तयार होतात. ते मुंग्यांचे अन्न. त्या बदल्यात मुंग्या पानांवर आलेल्या अळ्या हुसकावतात आणि झाडाला चढू पाहणाऱ्या वेलींचे शेंडे कुरतडतात. नजर जवळ नेली तर मुंग्यांची ही ये-जा स्पष्ट दिसते. बोट मात्र लावू नये.

ऐंशीच्या दशकात झालेल्या द्रुतगती मार्गाने या वनाची शेजारच्या मोठ्या जलसंधारण क्षेत्राच्या जंगलापासून फारकत केली. रस्त्यावरून प्राण्यांसाठी बांधलेला, झाडे लावलेला पूल २०१३ मध्ये पूर्ण झाला. उशिरा का होईना, झाले ते बरे झाले. पुढच्याच वर्षी डागडुजीसाठी वन बंद करावे लागले आणि ते पूर्णपणे खुले व्हायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. मुळे तुडवली जाऊ नयेत म्हणून त्या काळात काही ठिकाणी जमिनीपासून उचललेल्या वाटा बांधल्या गेल्या. वाट सोडून फोटोसाठी आत शिरणारे महाभाग तरीही भेटतातच.

ब्यूटी वर्ल्ड एमआरटी (मेट्रो) स्थानकापासून येथे पायी पोहोचता येते. सकाळी लवकर जावे, पाणी बरोबर ठेवावे आणि प्लास्टिकची पिशवी हातात धरू नये, कारण माकडे तिलाच खाऊ समजतात. माथ्यावर उंची कोरलेला दगड आणि दूरसंचाराचा मनोरा एवढेच आहे, आणि झाडांमुळे शहराचे दृश्यही फारसे दिसत नाही. वेळ कमी असेल तर माथा खुशाल टाळावा आणि तेवढा वेळ बाजूच्या पायवाटांना द्यावा.