बेसमेंटचं काम आणि भिंतींच्या आतली धूळ

कॅनडातल्या मिसिसागामधल्या आमच्या घराच्या बेसमेंटचं काम संपलं, कॉन्ट्रॅक्टरची माणसं हत्यारं उचलून गेली आणि त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यात समईवर पांढरी भुकटी दिसायला लागली. सकाळी पुसावी तर संध्याकाळी परत हजर. काम झालं तळघरात, तेही जिन्याच्या तोंडाला प्लास्टिकचा पडदा लावून. मग धूळ दोन मजले चढून देवापर्यंत आली कशी, हा प्रश्न सांगलीहून आलेल्या सासूबाईंना पडला. त्याचं उत्तर घराच्या भिंतींच्या आत होतं.

सांगली-पुण्यात घरात हवा येते ती खिडकीतून, आणि धूळही तिथूनच. इथे ऑन्टारिओत नोव्हेंबर ते एप्रिल खिडक्या उघडायची सोय नसते. घर उबदार ठेवायचं काम बेसमेंटमधली गॅसची फर्नेस करते. तिच्यातला ब्लोअर, म्हणजे एक मोठा पंखा, खोल्याखोल्यांतली हवा रिटर्नच्या, म्हणजे हवा परत नेणाऱ्या, जाळ्यांतून ओढून घेतो. ती फिल्टरमधून जाते, तापते आणि डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळ्यांमधून, प्रत्येक खोलीतल्या जमिनीलगतच्या जाळीतून वर येते. उन्हाळ्यात एसीची गार हवा याच वाटेने फिरते. घरातली तीच हवा दिवसभर गोल गोल जात असते, त्यामुळे या वाटेत एका ठिकाणी पडलेली गोष्ट सगळ्या घराच्या वाट्याला येते.

आता धुळीचं. इथल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड, म्हणजे ड्रायवॉल, स्क्रूने बसवतात. बोर्डांचे सांधे पुट्टीसारख्या कंपाउंडने भरतात आणि वाळलं की घासतात. ज्यांनी पुण्या-मुंबईत रंगकामाआधी पुट्टी घासताना घर पाहिलंय त्यांना ही धूळ समजावून सांगायला नको. तिथे मात्र दारं-खिडक्या सताड उघड्या टाकता येतात, गच्चीवर गाद्या झटकता येतात, दोन-चारदा फरशी पुसली की घर माणसात येतं. इथे काम जानेवारीत झालं, बाहेर उणे पंधरा. धूळ जाणार कुठे?

आमच्या कामगारांनी जाळ्यांवर प्लास्टिक चिकटवलं होतं आणि ते नीट चिकटवलं होतं. खरी भानगड ओढणाऱ्या बाजूची. आमचं घर १९८४ सालचं. त्या काळच्या बऱ्याच घरांत रिटर्नसाठी सगळीकडे वेगळी पत्र्याची नळी नसते. भिंतीतल्या दोन उभ्या लाकडांमधली पोकळी, किंवा छतातल्या दोन तुळयांना खालून पत्रा ठोकून बंद केलेली जागा, हाच रिटर्न. जाळी दिसते, तिच्यामागची ही वाट दिसत नाही. बेसमेंटचं छत बंद करताना बोर्ड कापले, भिंत एका ठिकाणी फोडली, आणि सगळा चुरा फटींमधून थेट हवेच्या रस्त्यात उतरला. थंडीमुळे फर्नेस चालूच होती, म्हणजे ती धूळ आत खेचायला पंखाही तयार होता.

फिल्टर बाहेर काढला तेव्हा शंका उरली नाही. एरवी तो तीन महिन्यांनी काढला तर त्यावर करड्या रंगाचा, केसाळ थर असतो. हा मैद्यात घोळून काढल्यासारखा दिसत होता. घड्यांच्या मधे धूळ गच्च बसलेली, बोटाने दाबली तर ढेकूळ निघत होतं. वरच्या बेडरूममधली जाळी उचलून आत मोबाइल धरून फोटो काढला, तर डक्टच्या तळाशी पांढरा थर आणि त्यात एक स्क्रू.

कॅनडात ‘डक्ट क्लीनिंग’ हे शब्द ऐकले की लोक वैतागतात. ऐन जेवणाच्या वेळी येणाऱ्या नकोशा फोनांमध्ये या धंद्याचे फोन बदनाम आहेत. सीआरटीसी ही इथली दूरसंचार नियामक संस्था अशा काही कंपन्यांना दंडही करत आली आहे. ‘फक्त ९९ डॉलर, अख्खं घर’ असं सांगून माणूस येतो, साधा व्हॅक्यूम जाळीत फिरवतो आणि मग एकेक जास्तीचं काम बिलात चढवत जातो. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घरातल्या एका हीटिंग-कूलिंग यंत्रणेच्या सफाईचा खर्च साधारण ४५० ते १००० अमेरिकन डॉलरच्या घरात धरते. त्यावरून ९९ डॉलरमध्ये काय होत असेल याचा अंदाज येतो.

आणि दरवर्षी हे करायची गरज आहे का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, हे ईपीए स्वतः सांगते. आत बुरशी दिसली, उंदीर-किडे झाले किंवा धुळीने वाट तुंबून ती घरात यायला लागली, तरच करा असा तिचा सल्ला. कॅनडाच्या सीएमएचसी या गृहनिर्माण संस्थेनेही अभ्यास करून पाहिला. सफाईनंतर घरातल्या हवेतल्या कणांत किंवा हवेच्या वेगात म्हणावा तसा फरक पडला नाही. पण बांधकामाचा चुरा आत पडला असेल तर गोष्ट वेगळी, आणि आमच्या घरात नेमकं तेच झालं होतं.

दुसरी काळजी यंत्राची. जिप्सम आणि कंपाउंडची पूड ब्लोअरच्या पात्यांवर बसते, मोटरमध्ये शिरते. एसीच्या कॉइलवर उन्हाळ्यात पाणी सुटतं, त्यात ही पूड मिसळली की लेप तयार होतो आणि हवा अडते. हिवाळ्यात हवा कमी पडली तर फर्नेस आतून जास्त तापते आणि सुरक्षेचा स्विच तिला बंद पाडतो. काम चालू असताना फर्नेस वापरू नका, असं फर्नेस बनवणारे माहितीपुस्तकातच छापतात.

ठरल्या दिवशी ट्रक आला. ट्रकमध्येच प्रचंड व्हॅक्यूम, त्याचा हत्तीच्या सोंडेएवढा जाड पाइप दारातून बेसमेंटपर्यंत नेला. फर्नेसजवळच्या मुख्य डक्टला गोल भोक पाडून तिथे तो जोडला आणि घरातल्या सगळ्या जाळ्या बंद केल्या. मग एकेक जाळी उघडून आत दाबाच्या हवेची नळी सोडली. तिच्या टोकाच्या रबरी शेपट्या आतल्या भिंतींना फटके मारत जातात, सुटलेली धूळ व्हॅक्यूम ओढून घेतो. आधी गरम हवेची बाजू, मग रिटर्नची, दोन्ही वेगवेगळ्या. शेवटी ब्लोअर बाहेर काढून साफ केला, कॉइल तपासली आणि पाडलेली भोकं पत्र्याच्या झाकणांनी बंद केली. दोन माणसांची सबंध दुपार गेली. तासाभरात आटोपतो म्हणणारा माणूस यातलं बरंचसं गाळत असणार.

काम करणारा ब्रॅम्प्टनचा पंजाबी मुलगा होता. ‘आंटीजी, ये देखो,’ म्हणत त्याने सासूबाईंना रिटर्नमधून निघालेलं दाखवलं. ड्रायवॉलचे तुकडे आमचे होते. पण त्याखाली लाकडाचे ठोकळे, गंजलेले खिळे, भुसा आणि चेपलेला कोल्ड्रिंकचा कॅन निघाला. ते सगळं घर बांधणाऱ्यांनी सोडलेलं. ‘म्हणजे चाळीस वर्षं आपली हवा याच्यावरून जात होती?’ सासूबाईंनी विचारलं. होय, तसंच.

डक्टमध्ये जंतुनाशक फवारून घ्यायचा पर्यायही होता. आम्ही नको म्हणालो. कोरड्या पत्र्यातल्या धुळीला औषधाची गरज नाही, आणि जे फवारू ते आपणच श्वासात घेणार.

टोरांटो परिसरात आणखी जुनी, साठ-सत्तरच्या दशकातली घरं घेतलेले पुष्कळ मराठी लोक आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट जोर देऊन लिहिते. डक्टच्या सांध्यांवर पांढरट, कागदासारखी पट्टी दिसली तर ती ओरबाडू नका आणि सफाईवाल्यालाही हात लावू देऊ नका. तिच्यात अॅस्बेस्टस, म्हणजे श्वासातून आत गेलं तर घातक ठरणारं तंतुमय खनिज, असू शकतं. आधी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यायचा, मग पुढचं. त्या काळातल्या ड्रायवॉलच्या कंपाउंडमध्येही ते असायचं, म्हणून भिंत फोडण्याआधीच तपासलेलं बरं.

सफाईनंतर नवा फिल्टर घातला. उरलीसुरली धूळ अडकावी म्हणून काही दिवस पंखा सतत चालू ठेवला आणि तो फिल्टरही लवकरच बदलला. फिल्टरवर मर्व्ह नावाचा आकडा असतो, जितका मोठा तितके बारीक कण अडतात. पण जुन्या फर्नेसला एक इंची, मर्व्ह १३ चा फिल्टर कधी कधी जड जातो, हवा कोंडते. आम्ही विचारून मर्व्ह ११ वर थांबलो.

पुढचं काम स्वयंपाकघराचं. ते जूनमध्ये ठेवलंय, म्हणजे फर्नेस आणि एसी दोन्ही बंद ठेवून खिडक्या उघडता येतील. नव्या कॉन्ट्रॅक्टरच्या करारात चार ओळी घालून घेतल्या आहेत: घासायचं यंत्र व्हॅक्यूम जोडलेलंच हवं, खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा हवा, रिटर्नची वाट भिंत उघडण्याआधी शोधून बंद करायची आणि घासकाम चालू असताना थर्मोस्टॅटला, म्हणजे फर्नेस-एसी चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राला, कोणी हात लावायचा नाही. त्याने वाचून सही केली, आणि रिटर्न नेमका कुठून जातो ते बघायला तो येत्या शनिवारी येणार आहे.