हरणाऱ्या संघात पोरांना मिनिटं द्या, पण खरी मिनिटं द्या

बास्केटबॉल लीगचे चार सामने उरलेत, पुढच्या फेरीची आशा कधीच संपली आहे, आणि तरीही पस्तिशीचा गार्ड (बॉल हाताळणारा खेळाडू) चाळीसपैकी सदतीस मिनिटं मैदानावर आहे. बेंचवर अठरा-एकोणीस वर्षांची तीन पोरं ट्रॅकसूट न काढता बसलेली. सामना हातातून गेला, वीस-बावीसचा फरक पडला, की शेवटच्या चार मिनिटांत कोच त्यांना एकदम उभं करतो. मुंबईत क्लबांची लीग असो, कॉलेजांची स्पर्धा असो की ऑफिसांच्या संघांची, हे चित्र दर हंगामात दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे: हरणाऱ्या संघाने तरुणांना मिनिटं दिलीच पाहिजेत. पण ती शेवटची चार मिनिटं धरायची नाहीत. तेव्हा समोरचा संघही आपली दुसरी फळी उतरवतो, कुणी स्क्रीन लावत नाही (डिफेंडरची वाट अंगाने अडवत नाही), कुणी बॉक्स आउट करत नाही (रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीने रोखत नाही), आणि प्रत्येक जण आपल्या खात्यावर दोन पॉइंट टाकायला धावतो. पोरगा त्या चार मिनिटांत जे शिकतो ते पुढे त्याच्याकडून विसरवून घ्यावं लागतं.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगची उदाहरणं या वादात हमखास येतात, म्हणून आधी ती नीट पाहू. तिथे हरण्याला बक्षीस आहे. 2019 पासून तळाच्या तीन संघांना ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला नंबर मिळण्याची प्रत्येकी 14 टक्के शक्यता असते. त्याआधी सगळ्यात तळाच्या एकट्या संघाला 25 टक्के होती. त्यामुळे सीनियरला बसवून पोरांना खेळवण्यामागे तिथे दोन हेतू मिसळलेले असतात. ओक्लाहोमा सिटीने 2021च्या मार्चमध्ये धडधाकट अल हॉरफर्डला उरलेल्या हंगामासाठी बाजूला केलं. त्या हंगामात ते 22-50 (22 विजय, 50 पराभव), पुढच्या वर्षी 24-58. त्याच संघाने 2024-25 मध्ये 68-14 करून विजेतेपद घेतलं. हे उदाहरण सगळ्यांना आवडतं.

सॅक्रामेंटोचं मात्र कुणी सांगत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळून गेलेला हाच संघ सलग 16 हंगाम प्लेऑफबाहेर होता. तरुण खेळाडू होते, मिनिटंही होती. तो दुष्काळ 2022-23 मध्ये संपला, तो नवा कोच आणि डोमांतास साबोनिससारखा तयार खेळाडू आल्यावर. वरळीतल्या त्या सामन्यांच्या वेळी साबोनिस समोरच्या इंडियाना संघात होता. डेट्रॉइटचंही तसंच. 2023-24 मध्ये सलग 28 पराभव, एकूण 14-68. पुढच्या मोसमात पोरं बहुतेक तीच, पण सोबत टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनिअर असे मुरलेले खेळाडू आणले आणि कोच बदलला. निकाल 44-38.

म्हणजे नुसती मिनिटं पोराला घडवत नाहीत. शेजारी कोण उभं आहे आणि त्याला काम काय दिलंय, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे तर ड्राफ्टही नाही. हरून काही पदरात पडत नाही. मग पोरांना खेळवण्याचं कारण एकच उरतं, ते शिकावेत. त्यामुळे शिकण्याची सोय नीट लावली नाही, तर सीनियरचीही मिनिटं वाया आणि पोरांचीही.

आता हिशेब. फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमाने चाळीस मिनिटांचा सामना, मैदानावर पाच जण, म्हणजे संघाकडे वाटायला 200 मिनिटं. हरणाऱ्या संघाची स्कोअरशीट उघडा: तीन सीनियर 34-34 मिनिटं, म्हणजे 102 गेली. आणखी दोघे 28-28, म्हणजे 56. उरली 42, ती सात जणांत दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत. तीन मिनिटांत पोराचा श्वाससुद्धा बसत नाही. पहिलं मिनिट घाबरण्यात जातं, दुसऱ्यात एक चूक होते, तिसऱ्यात तो बेंचकडे बघायला लागतो.

त्याऐवजी असं करून पाहा. तीन सीनियर प्रत्येकी 24, म्हणजे 72. तीन तरुण प्रत्येकी 22, म्हणजे 66. मधल्या फळीतले दोघे प्रत्येकी 20, म्हणजे 40. उरलेली 22 आणखी दोघांत. दहा जण झाले. अकरावा-बारावा त्या दिवशी बसेल; त्याला ते सामन्याआधी सांगायचं, म्हणजे तो चाळीस मिनिटं आशेवर राहत नाही. तरुणाची 22 मिनिटं चार तुकड्यांत, प्रत्येक तुकडा पाच-सहा मिनिटांचा. त्याहून लहान तुकडा नको.

एक अडचण इथे नेहमी येते. घड्याळ थांबलेलं असतानाच बदली होते, आणि बास्केट झाल्यावर घड्याळ फक्त चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. बाकी वेळी फाऊल, आउट किंवा टाइमआउटची वाट पाहावी लागते. वेगवान सामन्यात यात दोन-तीन मिनिटं सहज निघून जातात. कागदावर ‘सहाव्या मिनिटाला बदली’ लिहिलं असेल, तर पोराला पाचव्याच मिनिटाला स्कोअररच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर पाठवा.

कोणती मिनिटं, याचं माझं उत्तर: क्वार्टरची सुरुवात. कारण फाऊल. नवखा खेळाडू हात लावतो, पाय उशिरा हलवतो, त्यामुळे फाऊल होणारच. संघाचे चार फाऊल होईपर्यंत, शॉट मारतानाचा नसेल, तर समोरच्याला फक्त बाजूने थ्रो-इन मिळतो. पाचव्यापासून प्रत्येकावर दोन फ्री थ्रो. क्वार्टर सुरू होताना हा आकडा शून्य असतो, तेव्हा पोराची चूक स्वस्तात पडते. आठव्या मिनिटाला, संघाचे चार फाऊल भरलेले असताना त्याला आत पाठवलं, तर तेच हात लावणं थेट दोन पॉइंटला पडतं. मग सीनियर वैतागतात, कोच ओरडतो, आणि पोरगा पुढच्या वेळी डिफेन्समध्ये दोन फूट लांब उभा राहतो. चूक तीच, फक्त वेळ बदलली.

म्हणून पहिला आणि तिसरा क्वार्टर दोन तरुण व तीन सीनियर असा सुरू करावा. समोर त्यांचे पहिले पाच असतात, खरा खेळ तेव्हाच असतो. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला तीन तरुण व दोन सीनियर. मैदानावरचे पाचही जण तरुण, असं मात्र कधीच नको. डिफेन्समध्ये बोलणारं कुणी उरत नाही. स्क्रीन येतेय हे मागून ‘लेफ्ट, लेफ्ट!’ असं ओरडून सांगावं लागतं, आणि ते सांगायची सवय वर्षानुवर्षं खेळून लागते. पोरगा स्क्रीनवर आपटतो, त्याचा माणूस मोकळा सुटतो, मदतीला दुसरा येतो, त्याचा माणूस कोपऱ्यात मोकळा. एका न उच्चारलेल्या शब्दाचे तीन पॉइंट.

जोडी लावतानाही विचार हवा. तरुण गार्ड असेल तर पिक अँड रोलमध्ये (एकाने स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे धावायचं, ही दोघांची चाल) स्क्रीन लावायला अनुभवी मोठा खेळाडू द्या: जो कोन बदलून पुन्हा स्क्रीन लावतो, पास उशिरा आला तरी हात तयार ठेवतो. तरुण सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असेल तर बॉल सीनियर गार्डच्या हातात हवा, कारण रोल करणाऱ्याला नेमक्या क्षणी पास देणारा नसेल तर तो पोरगा पूर्ण क्वार्टर नुसता धावत राहतो. तरुण गार्ड आणि तरुण सेंटर यांचा पिक अँड रोल सरावात हवा तेवढा करा. सामन्यात आधी एकेकाला अनुभवी जोडीदार मिळू दे.

आणि काम बदलू नका. सॅन अँटोनियोने 2023-24च्या सुरुवातीला जेरेमी सोहान या फॉरवर्डला पॉइंट गार्ड करून पाहिलं. बॉल पुढे नेण्यातच त्याची शक्ती जायला लागली, व्हिक्टर वेम्बन्यामाला वेळेवर पास मिळेनात, शेवटी ट्रे जोन्स या खऱ्याखुऱ्या गार्डकडे ते काम आलं. आपल्याकडे हे फार होतं. उंच पोरगा कॉलेजात सेंटर खेळतो, क्लबात विंगवर (कडेला), आणि प्रेस आला (समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर दाबलं) की त्यालाच बॉल वर आणायला सांगतात. एका हंगामात एकच जागा द्या.

चूक झाल्यावर कधी बाहेर काढायचं, इथे बहुतेक कोच घसरतात. मला चुकांचे तीन प्रकार दिसतात. पळाला नाही, बॉक्स आउट केलं नाही, फास्ट ब्रेकमध्ये मागे आला नाही: ही मेहनतीची चूक. लगेच बाहेर, एका वाक्यात कारण, आणि त्याच क्वार्टरमध्ये पुन्हा आत. चुकीच्या माणसाला पास दिला, हेल्पला (साथीदाराच्या मदतीला) एक पाऊल उशिरा निघाला: ही निर्णयाची चूक. इथे त्याला हलवू नका. पुढच्या दोन-तीन पझेशनमध्ये (बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्यांत) तोच प्रसंग पुन्हा येतो आणि तो कसा सोडवतो हेच बघायचं असतं. डाव्या हाताने लेअप चुकला: ही कौशल्याची चूक, तिचं औषध सरावात आहे. कोणत्याही चुकीवर बदली केली, तर पोरगा बाजूला सुरक्षित पास देऊन मोकळा होतो. त्याच्या नावावर टर्नओव्हर (बॉल गमावणं) शून्य दिसतात आणि 24 सेकंदांचा शॉट क्लॉक संपताना बॉल दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतो.

2015-16 च्या लेकर्सकडे पाहा. कोबी ब्रायंटचा निरोपाचा हंगाम, संघ 17-65. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर घेतलेल्या डीअँजेलो रसेलला डिसेंबरमध्ये पहिल्या पाचातून काढलं, ज्युलियस रँडललाही. संघात सगळ्यात जास्त शॉट कोबीचेच. कोबीचा तो मान होता, लोक त्यालाच बघायला येत होते, हे मला मान्य आहे. पण 65 पराभवांतून त्या पोरांना जेवढं मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही.

सीनियरच्या बाजूनेही पाहायला हवं. मुंबईतला तिशीपुढचा खेळाडू ऑफिस सुटल्यावर लोकलच्या गर्दीतून विरार किंवा कल्याणच्या दिशेने घरी जायचं सोडून मैदानावर येतो. नागपाड्यासारख्या ठिकाणी तर बास्केटबॉल ही मोहल्ल्याची ओळख आहे. अब्बास मुंतसिर तिथूनच भारताचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. अशा ठिकाणी जुन्या खेळाडूचा मान मोठा असतो आणि तो असायलाच हवा. त्याला सामन्याच्या मध्यावर, सगळ्यांसमोर बसवून ‘आता पोरांना खेळू दे’ म्हणणं हा अपमान आहे. सरावानंतर बाजूला घ्या, आकडा सांगा: ‘दादा, तुमची 34 ची 24 होतील. पहिला आणि तिसरा क्वार्टर तुम्ही सुरू करणार. दुसऱ्यात या तिघा पोरांसोबत तुम्ही असाल, डिफेन्सचा आवाज तुमचा.’ आकडा आणि काम दोन्ही स्पष्ट असलं की बहुतेक जण ऐकतात. 24 मिनिटांत त्यांचे पायही ताजे राहतात, चौथ्या क्वार्टरमध्ये जंपशॉट रिमच्या पुढच्या कडेला लागून परत यायचं प्रमाण कमी होतं. जो सीनियर सरावाला येतच नाही, त्याची मिनिटं कापताना मात्र इतका विचार करायची गरज नाही.

शरीराचा मुद्दा थोडक्यात, पण तो टाळू नका. 17 वर्षांचा, साठ किलोचा पोरगा नव्वद किलोच्या सेंटरसमोर पोस्टमध्ये (बास्केटजवळ) उभा करणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्याला बाहेरच्या माणसावर लावा, किंवा पुढून फ्रंट करायला (त्याच्या आणि बॉलच्या मध्ये उभं राहायला) लावून मागून हेल्प ठेवा. संपूर्ण सामना 2-3 झोन (माणसाऐवजी जागा राखण्याचा डिफेन्स) लावून त्याला लपवू नका. झोनमध्ये समोरच्या एका माणसाची जबाबदारी घ्यायला तो शिकत नाही. आणि हाच पोरगा त्याच आठवड्यात कॉलेज आणि क्लब दोन्हीकडून खेळतोय का, ते विचारा. सिमेंटच्या कोर्टवर आठवड्यात चार सामने झाले की गुडघ्याखाली दुखायला लागतं आणि मिनिटं कमी होतील या भीतीने पोरं ते सांगत नाहीत. तसं असेल तर त्या आठवड्यात 22 ची 12 करा.

प्रगती मोजायला पॉइंट बघू नका. एका सामन्याचं प्लस-मायनसही (तो मैदानावर असताना दोन्ही संघांच्या पॉइंटांतला फरक) फसवतं. तो कुणासोबत खेळला यावरच ते बरंचसं अवलंबून असतं. बेंचवरच्या एकाला कागद-पेन द्या आणि प्रत्येक तरुणासाठी चार गोष्टी लिहायला सांगा: बॉलला हात लागून पास किती अडले, बॉक्स आउट किती केले, फाऊल हाताने झाला की पाय उशिरा हलल्याने, आणि टर्नओव्हर कसला होता. बॉल बाहेर गेला तर आपला डिफेन्स लागायला वेळ मिळतो. बॉल समोरच्याच्या हातात गेला तर थेट लेअप. पाच-सहा सामन्यांत हा दुसरा प्रकार कमी होत असेल आणि हाताचे फाऊल घटत असतील, तर पोरगा पुढे जातोय, मग त्याचे पॉइंट चार असोत की चौदा.

राहिली सामन्याची शेवटची पाच मिनिटं, फरक सहा-सात पॉइंटांचा असताना. इथे सगळे कोच तरुणांना बाहेर काढतात. माझा आग्रह आहे की एक तरी पोरगा आत राहावा, त्या दिवशी ज्याचा कागद सगळ्यात बरा आहे तो. त्याला बॉल घेऊन निर्णायक शॉट मारायला सांगू नका. कोपऱ्यात जागा धरणं, समोरच्या एका माणसाला न सोडणं, रिबाउंडला आत जाणं, एवढंच काम द्या. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआउट मिळतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. म्हणजे एक तसाही आधी घ्यावा लागतो, नाहीतर तो वाया जातो. तो चौथ्या क्वार्टरच्या पाचव्या-सहाव्या मिनिटाच्या आसपास घ्या, फळ्यावर पुढची दोन पझेशन काढा, आणि त्या पोराकडून वदवून घ्या की तो कुठे उभा राहणार आहे. बोट ठेवून दाखवता आलं, तर त्याला आत पाठवा.