कोण निघाले, कोण राहिले

झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत सकाळी भेटलेला माणूस "मारारा सेइ?", म्हणजे "झोप कशी झाली?", असे विचारतो आणि त्याला रूढ उत्तर मिळते, "न्दारारा काना मारारावो": तुम्हाला झोप लागली असेल, तर मलाही लागली. दिवस सरत आल्यावर प्रश्न "मास्वेरा सेइ?", म्हणजे "दिवस कसा गेला?", असा होतो, पण उत्तराचा साचा तोच राहतो, तुमचा बरा गेला असेल, तर माझाही बरा गेला. तर्काने पाहिले तर या देवाणघेवाणीतून कोणालाच काही कळत नाही, कारण दोघेही आपली खुशाली दुसऱ्याच्या हवाली करून मोकळे होतात. "काय, कसे काय?" या प्रश्नाला चालता चालताच "मजेत" असे उत्तर फेकून पुढे सटकणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र हे परस्परांत अडकून राहणे फार आवडते. अशा अभिवादनात टाळ्याही वाजवतात. पुरुष तळवे सपाट जुळवून आणि स्त्रिया ओंजळीसारखे पोकळ धरून, त्यामुळे दोघांच्या टाळ्यांचा आवाजही वेगवेगळा येतो.

आफ्रिकेतल्या अनेक भाषांत तोंड उघडण्यापूर्वी कोण कुठे, कसा आणि काय करत आहे, हे पाहून घ्यावे लागते. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत लहानाने मोठ्याला "शिकामो" म्हणायचे आणि मोठ्याने "माराहाबा" असे उत्तर द्यायचे. मोठ्याने उलट "शिकामो" म्हणण्याची रीत नाही. पहिला "शिकामो" कानावर पडतो तेव्हा, सोसायटीतल्या पोराने पहिल्यांदा "काकू" म्हटल्यावर पस्तिशीतल्या बाईला वाटते तसेच तिकडेही कोणाला तरी वाटत असणार. मालीतल्या बाम्बारात नमस्काराला पुरुष "न्बा" म्हणतो, तर स्त्री "न्से" म्हणते. नायजेरियातल्या योरुबाची तर कमालच आहे, कारण तिथे काम करणाऱ्याला "ए कू इशे", नुसत्या बसलेल्याला "ए कू इजोको", बाहेरून आलेल्याने घरातल्यांना "ए कू इले" आणि घरातल्यांनी आलेल्याला "ए काबो" म्हणायचे असते. रिकामटेकडे बसलेल्यासाठीसुद्धा वेगळे अभिवादन राखून ठेवणाऱ्या भाषेविषयी मला विशेष आदर वाटतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत "साउबोना" म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ "आम्ही तुला पाहिले" असा असल्याने बाहेरच्यांनी त्याभोवती बरेच तत्त्वज्ञान गुंफले आहे. रोजच्या व्यवहारात मात्र तो साधा नमस्कार असतो आणि त्याला "येबो", म्हणजे "हो", एवढे उत्तरही पुरते. झुलूची खरी गंमत निरोपात आहे. मागे राहणारा निघणाऱ्याला "हांबा काह्ले", म्हणजे "नीट जा", म्हणतो आणि निघणारा त्याला "साला काह्ले", म्हणजे "नीट राहा", असे सांगतो. शेजारच्या बोत्स्वानातल्या सेत्स्वानातही "त्सामाया सेंत्ले" आणि "साला सेंत्ले" अशी हीच जोडी आहे. प्रवासाला निघालेल्याची काळजी सगळेच करतात, पण घरात बसलेल्याचेही काही बरेवाईट होऊ शकते, याची आठवण इथे निघणारा ठेवतो. एकटा पाहुणा भरल्या घराचा निरोप घेत असेल तर तो अनेकवचनी "सालानी काह्ले" म्हणेल आणि घरातले त्या एकट्याला "हांबा काह्ले" म्हणतील.

मराठीतही निघणाऱ्याचे "येतो" आणि राहणाऱ्याचे "या" असे दोन वेगळे शब्द आहेत, पण दोन्हींची नजर पुढच्या भेटीवर असते. रस्त्यात भेटलेले दोघे झुलूभाषक आपापल्या वाटेने निघाले, तर दोघेही एकमेकांना "हांबा काह्ले" म्हणतात, कारण मागे कोणीच राहणार नसते. अशा वेळी आपल्याकडे दोघेही "चला, येतो" म्हणतात, पण कोण कोणाकडे येणार हे काही ठरलेले नसते.