तुम्ही विचारलंत म्हणून: कोथिंबिरीचं ‘ते’ जनुक

“मला कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. जनुकीय चाचणीतही आलंय. म्हणजे माझ्यात ते जनुक आहे ना?”

आहे. जुडीच्या जुडी फस्त करणाऱ्यांतही आहे. तुमच्या कागदावर जनुक नाही, आरएस७२९२१००१ हा अकराव्या गुणसूत्रावरचा एका अक्षराचा फरक आहे. २०१२च्या अभ्यासात तो साबणाच्या वासाशी जुळला. पण तिथे वासाच्या रिसेप्टरांची, म्हणजे नाकातल्या पेशींवरच्या वास पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुकं चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी खेटून आहेत. त्यांतल्या ओआर६ए२वर बोट ठेवलं गेलं, कारण त्याचं प्रथिन अल्डिहाइडं (एका गटातली वासाची रसायनं) ओळखतं आणि कोथिंबिरीच्या पानाचा वासही मुख्यतः अल्डिहाइडांचाच. संशय रास्त आहे, पण संशयच.

“मग पेशीत घालून बघा की!” बघतात हो. एचईके२९३टी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत नुसतं जनुक सोडलं, तर बरेचसे वासाचे रिसेप्टर आंतर्द्रव्यजालिकेतच, म्हणजे पेशीच्या आत प्रथिनं घडतात तिथेच, अडकतात, पृष्ठभागावर येतच नाहीत. म्हणून प्रथिनाच्या सुरुवातीला ऱ्होडॉप्सिन या डोळ्यातल्या प्रथिनाचा २० अमिनो आम्लांचा तुकडा जोडायचा, सोबतीला आरटीपी१एस हे वाहक प्रथिन द्यायचं. दुसऱ्या दिवशी गंधद्रव्य घालायचं, साधारण ४ तासांनी ल्युसिफरेजचा उजेड मोजायचा; रिसेप्टर जागा झाला की हे उजेड पाडणारं विकर पेशीत तयार होतं. एवढं करूनही ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये डेकॅनल या अल्डिहाइडची वाफ शेजारच्या खळग्यात शिरते आणि कोरा खळगाही उजळतो. बाटली उघडी राहिली की अल्डिहाइडचं आम्ल होतं. मात्रा वाढली की पेशीच मरतात. रिसेप्टर नसलेल्या पेशी त्याच प्लेटमध्ये नसतील, तर आकडे टाकून द्यावेत. आणि उजेड पडलाच नाही, तर? रिसेप्टरला तो वास कळत नाही, की रिसेप्टर पृष्ठभागावर पोचलाच नाही? पृष्ठभाग वेगळा रंगवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

ओआर७डी४ या दुसऱ्या एका वासाच्या रिसेप्टरचं बघा. दोन अमिनो आम्लं बदलली की पेशीतला प्रतिसाद पडतो, आणि तो बदल असलेल्यांना अँड्रोस्टेनोन या घामातल्या द्रव्याचा वासही फिका लागतो. २००७मध्ये पेशी आणि नाक, दोन्हीकडे हे दिसलं. पुरावा म्हणतात तो असा.

‘कोथिंबिरीचं जनुक’ मीही सर्रास म्हणत आले. सोपं पडतं. चूक म्हणावी तर पुरती चूकही नाही, म्हणून तर सुटत नाही.

आता साबणाचं. पानं वरून भुरभुरू नका, वाटा आणि थोडा वेळ ठेवा. पान चिरडलं की विकरं अल्डिहाइडं मोडू लागतात. धण्यांत मुख्यतः लिनालूल, ते अल्डिहाइड नव्हे, त्यामुळे पानाला नाक मुरडणाऱ्यांनाही धणेपूड सहसा चालते.