हेळव्याची वही आणि जावयाचं टार्टन

यंदा सुगी झाल्यावर हेळवी, म्हणजे घराण्याची वंशावळ वहीत लिहून ठेवणारा, आला तेव्हा जावई कोल्हापुरातच होता. जावई स्कॉटलंडचा, इनव्हर्नेसचा. पूर्वी हेळवी नंदीवर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. वही मात्र तीच. त्यानं ती सोप्यात उघडली आणि एका सुरात आमचे पूर्वज वाचायला लागला. जावई मांडी घालून शेवटपर्यंत ऐकत बसला. लेक शेजारी बसून त्याला समजावत होती.

रात्री त्यानं बॅगेतून त्यांच्या कुळाच्या टार्टनची, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या लोकरी कापडाची, शाल काढली. आम्ही सनगर, आजोबा घोंगडी विणायचे, त्यामुळे माझा हात आधी विणीवर गेला. ताण्याला रंगांचा जो क्रम, तोच बाण्याला. हिरवे किती, निळे किती, सगळं धागे मोजून. मधल्या धाग्यापर्यंत जायचं आणि त्याच मोजणीनं उलटं यायचं.

१७४६ ला कलोडनच्या लढाईत जेकोबाइट, म्हणजे जुन्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचे बंडखोर, हरले आणि हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना टार्टनचा पोशाख घालायला कायद्यानं बंदी झाली. ती उठली १७८२ ला. अमक्या कुळाचं अमकं टार्टन, ही वाटणी बरीचशी त्यानंतरची. १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा तिनं जोर धरला. "म्हणजे हे फार जुनं नव्हेच की," भाऊ म्हणाला. मला ते पटलं नाही. आजोबांच्या अंगावरून उतरवलेलं कापड नातवंडांनी पुन्हा अंगावर घेतलं, त्याला घराचं नाव दिलं. ते मला खरंच वाटतं.

जावयानं त्याच्या पूर्वजांची नावं कागदांत शोधली. तिकडे १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची आहे, आणि मेलेल्या माणसाच्या दाखल्यावरही त्याच्या आईचं माहेरचं आडनाव असतं. त्यामुळे पाच पिढ्यांतल्या बायका त्याला माहेरासकट सापडल्या.

मला माझी आजी आठवली. लोकर पिंजायची, चरख्यावर कातायची, चिंचोके भिजवून वाटून खळ करायची. आजोबा मागावर बसायचे ते तिच्या सुतावर. हेळव्यानं वाचलेल्या पिढ्यांत तिचं नाव कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेळवी धान्य न्यायला आला, तेव्हा मी म्हटलं, "आजीचं नाव घाला."

"माहेर कुठलं, मालक?"

"पट्टणकोडोली."

त्यानं लिहिलं. मग लेकीनं स्वतःचं नाव सांगितलं, आणि सासर इनव्हर्नेस. ते कसं लिहायचं, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं.