उर्दू वाचनाची वही, महिना पाचवा: शिडाचा घाम

या महिन्यात शेरोशायरी नाही. गझला कानावरून गेलेल्या असतात, त्यामुळे आपण वाचतोय की आठवतोय हेच मला कळेना. म्हणून मसाल्याची पाकिटं, औषधांची लेबलं, दुकानांच्या पाट्या एवढंच वाचायचं ठरवलं. लेबल पाठ नसतं, तिथे लबाडी चालत नाही.

भेंडीबाजारात एका युनानी औषधांच्या दुकानात गेले होते. काचेच्या कपाटात पाण्यासारख्या पातळ औषधाच्या बाटल्या होत्या, त्यातल्या एकीवर दोनच शब्द. पहिला सोपा निघाला: ऐन, रे, क़ाफ. मधल्या स्वरखुणा नेहमीप्रमाणे गायब. ‘अरक़’ हा शब्द मी मागच्याच आठवड्यात शिकले होते, अर्थ घाम.

दुसऱ्याने घोळ केला. अलिफ आणि दाल ही अक्षरं पुढच्या अक्षराला हात देत नाहीत, त्यामुळे सहा अक्षरांचा हा शब्द चार तुकड्यांत पडतो. बे आणि अलिफ एकत्र, मग सुटा दाल, मग एक छोटा दात आणि त्याला चिकटलेला अलिफ, शेवटी एकटा नून. सगळी गंमत त्या दातात. त्याच्याखाली एक नुक़्ता, म्हणजे ठिपका, असेल तर बे, दोन असतील तर ये. आणि नस्तालीक़मध्ये, म्हणजे उर्दूच्या तिरक्या वळणदार लिपीत, कलम न उचलता दोन नुक़्ते काढले की त्यांची एक आडवी रेघोटी होते. छपाई भिकार, रेघोटीचा झाला ठिपका. मी बे वाचला. बादबान. बादबान म्हणजे शीड.

म्हणजे बाटलीत काय, तर शिडाचा घाम. आणि मी ते आत्मविश्वासाने मोठ्यांदा वाचलं, ‘अरक़-ए-बादबान’. (‘चा’ सांगणाऱ्या त्या मधल्या ‘ए’ची खूणही छापलेली नव्हती, ती मी मनाने घातली होती. नेमकी तीच बरोबर निघाली.)

गल्ल्यावरच्या चाचांनी चष्मा वर केला. “बादबान तो जहाज़ का होता है, बेटी. ये बादियान है.” आणि ‘अरक़’चंही निस्तरून दिलं: घाम हा एक अर्थ, पण ऊर्ध्वपातनाने थेंब थेंब गोळा केलेलं पाणी तेही अरक़च. म्हणजे आपला अर्क. भांड्याच्या झाकणाला घाम फुटतो तसाच की तो.

बादियान ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण हा शब्द आमच्या घरचा. गोड्या मसाल्याच्या यादीत दगडफूल, शहाजिरे, बाद्यान असं आईच्या अक्षरात आहे. बाद्यान म्हणजे ते आठ पाकळ्यांचं, तपकिरी, चांदणीसारखं चक्रीफूल. बाटली घेतली, घरी येऊन घोट घेतला, तर चव सरळ बडीशेपेची.

चाचांना फोन करण्याआधी कोश उघडला, हे या महिन्यातलं माझं सगळ्यात शहाणपणाचं काम. उर्दूत बादियान म्हणजे बडीशेपच. स्वयंपाकघरात तिला सौंफ म्हणतात, हकीमाच्या नुस्ख्यात, म्हणजे औषधाच्या चिठ्ठीत, बादियान. झाड एक, नावं दोन. प्लॅट्सचा 1884 चा उर्दू-इंग्रजी कोश वापरणाऱ्यांना माहीत आहे, तो शब्दाआधी अक्षर टाकतो: फारसीसाठी पी, हिंदीसाठी एच. बादियान पहिल्या गटातला, सौंफ दुसऱ्या. सौंफचं मूळ संस्कृत ‘शतपुष्पा’कडे जातं.

मग चक्रीफूल कुठून आलं? त्याचं पूर्ण नाव ‘बादियान-ए-ख़ताई’. ख़ता म्हणजे उत्तर चीनचा मुलूख, खितान लोकांवरून पडलेलं नाव. ख़ताई म्हणजे तिकडची, थोडक्यात चिनी बडीशेप. झाडांचं आपसांत नातं काहीच नाही. बडीशेप कोथिंबिरीच्या, गाजराच्या कुळातली, तर चक्रीफूल दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडच्या सदाहरित झाडाचं. नाव जुळलं ते वासामुळे, दोन्हींत अ‍ॅनेथोल हे एकच सुगंधी द्रव्य. बिर्याणीच्या उर्दू पाककृतींत ‘बादियान के फूल’ दिसतं तेही हेच. फूल कसलं, वाळलेलं फळ आहे ते. प्रत्येक पाकळीत चकचकीत बी असते.

आपल्याकडे येताना ‘ख़ताई’ वाटेत गळून पडलं. राहिलं नुसतं बाद्यान, म्हणजे बडीशेपेचं नाव चक्रीफुलाला. गुजरातीतही बादियां म्हणजे चक्रीफूलच. आणि आपल्या बडीशेपेला त्या नावाची गरजच नव्हती, तिच्याकडे शेपूच्या घरातलं नाव होतं: शेपूचं बी बाळंतशेप, तशी ही बडीशेप.

एक मोह सांगून टाकते. ‘बाद’ म्हणजे वारा. बादबान म्हणजे वारा राखणारं, दरबान आणि बागबानमधलाच तो ‘बान’. मग बडीशेप पोटातला वारा सारते म्हणून बादियान? इतकं सोयीचं जुळलं की संशय आला. वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलंय, शाईने नाही.

आता हस्ताक्षर. बोरूने ‘बादियान’ चाळीस वेळा काढला. अलिफ तीन नुक़्ते उंच हवा (उंची कलमाच्या ठिपक्यांनी मोजतात), माझा पहिला तीनवर थांबतो आणि दुसरा चारवर जातो, कारण दातावरून वर चढताना हात घाई करतो. नूनची वाटी मात्र पहिल्यांदाच बरी आली. ‘सौंफ’ लिहायला सोपा, वाचायला वैताग: सीन, वाव, नून, फ़े. वाव औ की ओ की ऊ, ते शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही. शिवाय नून-ग़ुन्ना, म्हणजे नाकातला अनुस्वार, शब्दाच्या शेवटी बिननुक़्त्याचा असतो, पण मधे आला की नुक़्ता घालून साध्या नूनसारखाच दिसतो. नवख्याने ‘सूनफ’ वाचलं तर त्याला हसू नये. मी वाचलं होतं.

दारचीनी मात्र एका दमात आली. ‘दार’ म्हणजे लाकूड, चीनचं लाकूड. आपण र चा ल करून दालचिनी केली. पुढच्या महिन्यात शाह ज़ीरा आणि हळूहळू एक अख्खा नुस्ख़ा, तोही छापील. हाताने लिहिलेल्याचं धाडस अजून होत नाही.

बाटली अर्धी संपली. लेबलावरच्या त्या ठिपक्याशेजारी मी काळ्या पेनाने दुसरा नुक़्ता देऊन टाकलाय.