आतला दिवा मंदावायला हवा

निफाड, १९ जानेवारी

आज पहाटे पावणेसहाला गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. गेले तीन आठवडे पहाटे ती सुरू का होत नाही या एका प्रश्नाने सकाळचा चहासुद्धा धड पिऊ दिला नव्हता, म्हणून आठवते आहे तोवर सारे लिहून ठेवतो आहे.

निफाडची थंडी वर्तमानपत्रांत दरवर्षी गाजते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि आमच्या अंगणापर्यंत धुराचा वास येतो. गाडी सतरा वर्षांची आहे, चार सिलिंडरची, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची, आणि रात्री पत्र्याच्या शेडखाली उभी असते. दुपारी ती चावी फिरवताच सुरू होत असे. पहाटे मात्र सेल्फ जोमाने फिरत राही, पण इंजिन पेट घेत नसे. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला एखादे सिलिंडर कसेबसे पेटे, सारी गाडी थरथरू लागे, मागून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघे, आणि मिनिटभरात उरलेली सिलिंडर सुरू झाली की जणू काही झालेच नाही अशा थाटात ती चालू लागे.

पहिली चूक मी केली ती बॅटरी बदलण्याची. थंडीत बॅटरीची ताकद घटते हे खरे, पण तसे असते तर सेल्फ रडत, अडखळत फिरला असता. माझा सेल्फ उत्तम फिरत होता आणि तो आवाज मी रोज ऐकत होतो. तरीही दुकानदाराने बॅटरीला चार वर्षे झाल्याचे सांगताच मी साडेपाच हजार रुपये मोजून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने पूर्वीइतकेच छळले, फक्त नव्या बॅटरीमुळे मला सेल्फ अधिक वेळ मारता आला.

मग शेजाऱ्यांनी डिझेल गोठत असल्याची शंका काढली. ती मला पटली नाही. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले, ते लडाखसाठी. निफाडच्या पाच अंशांना तसल्या डिझेलची गरज नाही. शिवाय डिझेलमधले मेण फिल्टरमध्ये अडकू लागले, तर गाडी बहुधा आधी सुरू होते आणि थोडे चालून गुदमरते. माझी गाडी नेमकी उलटे करत होती.

गाडी एअर घेते आहे, हा संशय त्यामानाने वजनदार होता. फिल्टरजवळच्या सीलमधून हवा शिरली की रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाला नुसती हवा मिळते. पण हे थंडीवर अवलंबून नसते, किती वेळ गाडी उभी आहे त्यावर असते. म्हणून एका रविवारी गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभी ठेवली; नऊ तासांनंतरही ती झटकन सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहिला, तर तो पहिल्या दाबालाच कडक लागला, आणि गाडीने तरीही नखरे केलेच. म्हणजे डिझेल जागेवर होते, उणीव उष्णतेची होती.

बाबांनी उभी हयात ट्रक चालवला. घाटमाथ्यावर मुक्काम पडला की पहाटे ऑइल चेंबरखाली पलिता धरून इंजिन कोमट करण्याचे दिवस त्यांनी पाहिले आहेत. ओट्यावर शाल पांघरून ते माझा खटाटोप ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सेल्फ मारत बसू नकोस रे. हीटर बघ आधी."

"बाबा, हीटरचा दिवा तर लागतो आणि वेळेवर विझतोही," मी म्हणालो.

"दिवा विझतो म्हणजे हीटर तापला, असं तुला कोणी सांगितलं?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस-बावीस पटींनी दाबली गेली की ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पहाटे गारठलेले हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, ती उष्णता शोषून घेते, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा हीटर प्लग बसवलेला असतो आणि त्याचे टोक काही सेकंदांत लालबुंद होते. काट्यांशेजारचे ते पिवळे वेटोळ्याचे चिन्ह मात्र, माझ्या गाडीत तरी, फक्त वेळ मोजते. चारही प्लग जळून गेले असते तरी ते त्याच इमानदारीने लागले आणि विझले असते.

काल दुपारी बॉनेट उघडून चारही प्लगना जोडणारी पट्टी काढली, टेस्टलॅम्पचा, म्हणजे तपासणीच्या छोट्या दिव्याचा, चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावला आणि टोक एकेका प्लगच्या माथ्यावर टेकवले. पहिल्यावर काही नाही, दुसऱ्यावर काही नाही. तिसऱ्यावर दिवा लख्ख लागला. चौथ्यावर पुन्हा अंधार. मल्टिमीटरनेही तेच सांगितले: तिसऱ्या प्लगचा रोध एका ओहमच्या आत, बाकीच्यांची तार तुटलेली. चारही प्लग समांतर जोडलेले असल्यामुळे एक गेला तरी उरलेले तीन काम रेटून नेतात. तेव्हा गेल्या हिवाळ्यात पहिला आणि नंतर कधीतरी बाकीचे दोन गेले असावेत, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात मला त्याचा पत्ताही लागला नसावा.

प्लग काढणे मी गॅरेजच्या मिस्त्रींवर सोपवले, कारण वर्षानुवर्षे हेडमध्ये जाम झालेला प्लग तुटला की हेड उतरवण्याची वेळ येते. त्यांनी आधी इंजिन गरम केले, गंज सोडवणारे तेल मारून तासभर थांबले, आणि मग पाना अर्धा इंच पुढे, पाव इंच मागे असा हलवत एकेक प्लग सोडवला. पहिल्या प्लगचे टोक फुगून फाटले होते. त्यांचा पोरगा म्हणाला, "थंडीत हवेच्या पाइपात पेट्रोलचा बोळा धरला की पटकन स्टार्ट होते." मिस्त्रींनी त्याला तिथेच झापले. तापलेल्या हीटर प्लगसमोर पेट्रोलची वाफ म्हणजे काय, हे त्या पोराला कुणीतरी सांगणे भागच होते. चारही प्लग नवे बसवले.

आज पहाटे चावी अर्धी फिरवली तेव्हा गाडीतल्या डोक्यावरच्या दिव्याचा उजेड एकदम मंदावला. मी क्षणभर दचकलो, मग आठवले की पूर्वी असेच होत असे. चार प्लग मिळून बॅटरीतून पन्नासेक अँपिअर ओढतात, तेव्हा दिवा मंदावणारच. अलीकडे तो मंदावत नव्हता, आणि बॅटरी नवी आहे म्हणून नसेल, असे मी खुशाल समजून बसलो होतो. वेटोळे विझले, मी आणखी दोन सेकंद थांबलो आणि सेल्फ मारला. बाबांनी ओट्यावरून नुसता हात वर केला.